एका ताऱ्याची पाटी

३ फेब्रुवारी

ब्रिगेडियर ढब्बूबाई यांस,

पोचले एकदाची. आगगाडी वेळेवर सुटली आणि उशिरा पोचली, म्हणजे सगळं रीतसर झालं. पोचल्याचा फोन केला नाही म्हणून फुगू नकोस. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस, मधेच कुणीतरी 'मॅडम' म्हणतं आणि माझं वाक्य अर्धवट लटकत राहतं. पत्रात मधे कुणी तोंड घालत नाही.

तुझा थाट बघून डोळे निवले हो. बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणून पायरीवर बसून भोकाड पसरणारी पोर, आणि आता तिच्या दाराबाहेर मिशाळ बाप्ये टाचा जुळवून उभे! ऑफिस झकास आहे. पडदे तेवढे बदल. पोपटी पडद्यासमोर बसून कुणी हुकूम देतं का?

आता शंका विचारते, हसू नकोस. कॉलरवर त्या लाल पट्ट्या कशाला? आणि खांद्यावर सिंहांची मुद्रा आणि तिच्याखाली चांगले तीन तारे, मग गाडीच्या पाटीवर एकच का? बाकीचे दोन कुणी पळवले? तुझी ती जुनी हिरवी टोपीही दिसली नाही. आणि मुख्य म्हणजे तू दिवसभर करतेस काय? मी दोन दिवस बघत होते, तू फक्त ऐकत होतीस आणि मधूनमधून सही करत होतीस.

खरी मजा तर पुढेच. निघायच्या दिवशी तू पहाटेच जीपमधून गोळीबाराच्या मैदानावर गेलीस आणि तुझ्या गाडीचा ड्रायव्हर मला स्टेशनवर सोडायला आला. चांगला माणूस, बोलणं मोजकं, गिअर बदललेला पोटातल्या पाण्याला कळत नाही. तो माझी बॅग डिकीत ठेवत होता आणि मी बघते तर काय, पुढच्या पाटीवर काळं कापडी टोपडं! अगं, मी तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते. पाटी झाकलेली गाडी फाटकाबाहेर निघाली की ड्रायव्हरला मी जागेवर मेमो द्यायचे. गाडी कुणाची, कुठली, हे रस्त्यावरच्या माणसाला कळायला नको? म्हटलं विसरला असेल बिचारा, कशाला चारचौघांत बोला. गुपचूप टोपडं ओढलं, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. अजून तिथेच आहे, पुढच्या वेळी आणीन.

मग छावणीच्या फाटकाशी काय व्हावं? पहाऱ्यावरची सगळी पोरं धावत बाहेर, रांग काय धरली, कुणीतरी असा आवाज दिला की माझी कवळी हलली, आणि बंदुका वर. सलामी! मला! मीही हात वर केला. तुझ्यासारखा कडक नाही जमला, बस सोडताना करायचे तसा झाला. समोरून एक लांबडी गाडी आत येत होती, तिच्यावर दोन तारे होते, तीसुद्धा थांबली. आत पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. मी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. जन्माचं पारणं फिटलं म्हण.

तुझी,
मावशी


८ फेब्रुवारी

मावशी,

पत्र मिळालं. पडदे मी निवडलेले नाहीत, आधीच्या साहेबांचे आहेत. बदलते.

शंकानिरसन. कॉलरच्या लाल पट्ट्या म्हणजे हा माणूस आता कुठल्या एका पलटणीचा राहिला नाही. हिरवी टोपी माझ्या पलटणीची होती, पंचवीस वर्षं डोक्यावर होती, ती कपाटात गेली. आता तीन पलटणी माझ्या हाताखाली आहेत, तीन हजारांवर माणसं. त्यातल्या एकीची टोपी घालून बसले तर बाकीच्या दोघी सावत्र होतील. सगळ्या माझ्या म्हणजे एकही माझी नाही, असा हा हुद्दा आहे. पहिल्या दिवशी आरशात बघून जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तारे कुणी पळवले नाहीत. खांद्याचा हिशोब वेगळा, गाडीचा वेगळा. गाडीवर ब्रिगेडियरचा एक, त्याच्या वरच्या मेजर जनरलचे दोन. तू ज्यांच्याकडे बघून मान डोलावलीस ते आमच्या डिव्हिजनचे प्रमुख, म्हणजे माझे साहेब. असो.

दिवसभर मी काय करते? तू बघितलंस तेच. ऐकते आणि सही करते. कर्नल होते तोवर धावत होते, आता धावणाऱ्यांनी कुठे धावायचं ते ठरवते. चुकलं तर माझं, जमलं तर त्यांचं.

एक सहज विचारते. ते टोपडं तू काढलंस तेव्हा ड्रायव्हर नक्की कुठे होता? त्याने तुला काढताना पाहिलं का? नंतर रस्त्यात तुमचं त्यावरून काही बोलणं झालं का? अगदी सहज.

तुझी,
ढब्बू


१२ फेब्रुवारी

ढब्बे,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. 'सहज' दोनदा लिहिलंस तेव्हाच ओळखलं. ड्रायव्हर कुठे होता, त्याने पाहिलं का, बोलणं काय झालं, हे प्रश्न मी स्वतः तीस वर्षं विचारले आहेत आणि ते सहज कधीच विचारत नाहीत. ही चौकशी आहे. आणि 'असो' लिहून तू ज्या साहेबांना गुंडाळलंस ना, त्यांचाही यात हात आहे, असं माझं नाक सांगतंय.

उत्तरं घे. ड्रायव्हर डिकीपाशी होता, झाकण वर होतं, पाठ माझ्याकडे. त्याने पाहिलं नाही. वाटेत पाटीचं अक्षर निघालं नाही. मी आपली तुझं कौतुक सांगत होते आणि तो 'हो बाई, हो बाई' करत होता. स्टेशनवर त्याने बॅग डब्यापर्यंत आणून दिली.

आता तू सांग. माझ्या हातून काही भलतंच झालं का? आणि ते कुणाला भोवलं? आडपडदा नको.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

सांगते. बसून वाच.

आमच्याकडे नियम उलटा आहे. ताऱ्याची पाटी म्हणजे गाडीत तो अधिकारी बसला आहे. तो नसेल तर पाटी झाकायचीच. पहारा सलामी देतो ती पाटी बघून, आत कोण आहे हे वाकून बघायची त्याला परवानगी नाही. म्हणून उघड्या पाटीची रिकामी गाडी म्हणजे आमच्याकडे खोटी सही केल्यासारखं आहे. आणि तुमची गाडी रिकामी नव्हती, तिच्यात तू होतीस आणि हात हलवत होतीस.

जनरलसाहेबांचा त्याच सकाळी फोन आला. रागावले असते तर परवडलं असतं. 'ब्रिगेडियर, आज तुमच्या पाटीने एका आजीबाईंसाठी मला फाटकात थांबवलं,' एवढंच म्हणाले आणि ठेवला.

मी ड्रायव्हरला उभं केलं. विचारलं, 'पाटी उघडी का होती?' तो म्हणाला, 'गाडी माझ्या ताब्यात होती मॅडम. चूक माझी.' मी पुढे एक शब्द विचारला नाही. ब्रिगेड हातात येऊन जेमतेम पंधरवडा झालेला, तिन्ही पलटणींचे डोळे माझ्यावर. वाटलं, पहिल्याच माणसाला ढील दिली तर दोर कायमचा सुटेल. सक्त ताकीद दिली, नोंद केली आणि रीतीप्रमाणे ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

आता ताकीद म्हणजे काय ते ऐक. तो पंचेचाळिशीचा आहे. एप्रिलमध्ये व्हायच्या हवालदाराच्या बढतीसाठी त्याचं नाव जायचं होतं. सक्त ताकीद असेल तर नाव जात नाही. बढती नाही मिळाली तर वयाच्या अटीने तो वर्षाअखेरीस घरी. त्याची धाकटी अजून शाळेत आहे. फौजेशिवाय त्याने दुसरं काही केलेलं नाही.

त्याने तुझं नाव का घेतलं नाही हे मला कळत नाही. टोपडं आपलंच निसटलं असं त्याला वाटलं असेल. तुझ्यावर मी रागावलेली नाही. स्वतःवर आहे.

ढब्बू


१९ फेब्रुवारी

ढब्बे,

मी मात्र तुझ्यावर रागावले आहे आणि माझ्यावर त्याहून जास्त.

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर इथे सोफ्यावर बसून शेजारणीला सांगतेय, मला बाई सलामी मिळाली. तीन बायकांना सांगून झालंय. आता कुठे तोंड दाखवू?

अगं, ड्रायव्हर 'चूक माझी' म्हणाला आणि तू ऐकून घेतलंस? तुला त्यांची जात माहीत नाही. बसचं चाक पंक्चर झालं तरी त्यांना वाटतं चूक आपली. माझ्याकडे एक होता, पुलावर समोरून ट्रक येऊन धडकला, तो ट्रकवाला दारू प्यालेला, आणि आमचा मला म्हणतो, 'बाई, मी जरा आधी निघायला हवं होतं.' अशा माणसाला अजून चार प्रश्न विचारायचे असतात. तुला खांद्यावर इतकं सगळं लावून दिलं ते कशासाठी?

आता ऐक. मी येते. तुझ्या त्या मिशीवाल्या जनरलसमोर उभी राहते आणि सांगते, टोपडं मी काढलं, हे घ्या टोपडं, करा मला काय शिक्षा करायची ती. माझी बढती कुठे अडलेली नाही.

मावशी


२३ फेब्रुवारी

मावशी,

झापलंस ते बरोबर झापलंस. आता माझं ऐक. येऊ नकोस.

एकदा सगळ्यांसमोर वाचलेली शिक्षा मला मागे घेता येत नाही. ती फक्त माझ्या वरचा अधिकारी रद्द करू शकतो, म्हणजे जनरलसाहेबच. मी त्यांना लेखी कळवलं आहे की पाटी कुणी उघडली ते आता समजलं आहे, ड्रायव्हरचा दोष नाही, शिक्षा रद्द व्हावी. त्यांनी बोलावून विचारलं, 'पहिल्या महिन्यात स्वतःचा हुकूम फिरवणार? लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, 'सर, पहिल्याच महिन्यात फिरवलेला बरा. पुढे सवय मोडते.' ते हसले नाहीत. विचार करतो म्हणाले.

तेव्हा हे सरळ मार्गाने चाललं आहे. मधे घरची माणसं आली तर ब्रिगेडियर मावशीला पुढे करते असं दिसेल. शिवाय मी उद्यापासून सरावासाठी ब्रिगेड घेऊन डोंगरात जाते आहे, मार्चच्या मध्यापर्यंत तिथेच. तिथे फोनही नाही. पत्रं येतील.

काळजी करू नकोस. शब्द देते, तो माणूस घरी जाणार नाही.

ढब्बू


२ मार्च

ढब्बे,

मी जाऊन आले.

ओरडू नकोस, डोंगरात दरड कोसळेल. तू नव्हतीस म्हणूनच गेले. ब्रिगेडियरने मावशीला पुढे केलं असं कोण म्हणेल? ब्रिगेडियरला पत्ताच नव्हता.

डिव्हिजनच्या फाटकावर मला तासभर बाकावर बसवलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. सलामी पाटीला असते, बाईला नसते, हे तेव्हा डोक्यात लख्ख शिरलं. शेवटी चिठ्ठीवर लिहून पाठवलं, 'फाटकात थांबवणारी आजीबाई.' पाच मिनिटांत आत बोलावलं.

साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. मी टोपडं काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, 'हा मुद्देमाल आणि ही मी.' सगळं सांगितलं, डेपोचा नियम, मेमो, डिकी, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. तू ऐकतेस ना, तसेच ऐकतात. मग म्हणाले, 'तुमच्या भाचीने काय लिहून दिलंय, ठाऊक आहे?'

म्हटलं, 'ड्रायव्हर निर्दोष आहे म्हणून.'

'तेवढंच नाही. शिक्षा रद्द करा आणि अपुऱ्या चौकशीची नोंद माझ्या नावावर करा, असं लिहिलंय.'

हे तू मला कळवलं नव्हतंस हं, ढब्बे. एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि हेच तेवढं गाळलंस.

साहेब म्हणाले, 'पंचवीस वर्षांत तिच्या कागदावर एक डाग नाही. वर जाणारी माणसं थोडी असतात आणि जागा त्याहून थोड्या. तिथे एक ओळ पुरते. इकडे ड्रायव्हर घरी गेला तर निवृत्तिवेतन मिळेल, उपाशी मरणार नाही. तुम्ही दोघांनाही ओळखता. तुम्ही काय कराल?'

तुझी शपथ, क्षणभर वाटलं, चहा प्यावा आणि गप्प उठून यावं. माझी पोर कुठून कुठे पोचली आणि माझ्याच या उपद्व्यापी हातांनी तिला खाली ओढू? डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसायच्या निमित्ताने लपवलं. पण मग तो माणूस आठवला, माझी बॅग डब्यापर्यंत घेऊन येणारा. म्हटलं, 'साहेब, लिहा तिच्या नावावर. ती पेलेल. एवढे तारे लावलेत ते कशाला? त्याचं मात्र एवढंच आहे.'

साहेबांनी टोपडं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाले, 'तिनेही हेच लिहिलंय. जरा बऱ्या भाषेत.'

निर्णय काय, सांगितला नाही. मला स्टेशनवर सोडायला गाडी दिली. जीप होती. पाटी नव्हती. मी आधी पुढून फिरून बघितलं.

मी चुकले का गं? तुझ्या वतीने बोलले, तुला न विचारता. रात्री झोप लागत नाही.

मावशी


१५ मार्च

मावशी,

तू चुकली नाहीस. डोंगरात तंबूत बसून तुझं पत्र वाचलं आणि मला इतकं हायसं वाटलं की शेजारच्या तंबूतल्या कर्नलने विचारलं, काही चांगली बातमी का मॅडम? तू दुसरं काही बोलली असतीस तर मला वाईट वाटलं असतं. नोंदीचं तुला कळवलं नाही, कारण तू रडत बसशील असं वाटलं. तू चष्मा पुसलास आणि निकाल देऊन आलीस. आता झोप.

परवा आम्ही परतलो. टेबलावर साहेबांचा हुकूम होता. शिक्षा रद्द. कारण, 'पाटी उघडी असल्याचे चालकास माहीत नव्हते.' माझ्या नावावर एक ओळ, 'पूर्ण विचारणा न करता शिक्षा दिली. चूक कळताच स्वतः सुधारली.' पहिला अर्धा भाग झोंबला. दुसरा वाचून जरा बरं वाटलं.

काल सकाळी हुकूम सगळ्यांसमोर वाचायचा होता. पण तुझं एक वाक्य डोक्यात बसलं होतं, अशा माणसाला अजून चार प्रश्न विचारायचे असतात. म्हणून आधी त्याला ऑफिसात बोलावलं. खुर्चीवर बसवलं, तो कडेवर टेकला.

विचारलं, 'पाटी उघडी आहे हे तुला कधी कळलं?'

मला वाटलं, म्हणेल फाटकाशी. तो म्हणाला, 'गाडी वळवताना, मॅडम. ऑफिसच्या काचेत दिसली. फाटकाच्या बरंच आधी.'

मावशी, माझ्या हातात तो हुकूम. त्यावर लिहिलेलं की याला माहीत नव्हतं.

'मग थांबलास का नाहीस?'

तो म्हणाला, 'मॅडम, बाई मागे बसून बोलत होत्या. भाची लहान असताना कशी होती, किती पडली, किती मार्क कमी पडले, कोण काय म्हणालं. एवढ्या खुशीत होत्या. थांबून, खाली उतरून पाटी झाकायची म्हणजे त्यांना सांगायला लागलं असतं की ही गाडी तुमच्यासाठी नाही. मला नाही जमलं. वाटलं, फाटकातून पटकन निघू. मोठे साहेब समोरून येतील असं काय माहीत.'

'हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?'

'तुम्ही विचारलं नाही, मॅडम.'

तो हुकूम वाचला असता तर खोटं वाचलं असतं. परत पाठवला असता तर हा माणूस घरी. मी साहेबांना फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, 'ब्रिगेडियर, माणूस तुमचा. सक्त ताकीद मी रद्द केली, ती रद्दच. त्याच्या जागी काय द्यायचं ते तुमच्या अधिकारात आहे. मला विचारू नका.' आणि ठेवला. या हुद्द्यात हे एक आहे, वर विचारायची सोय संपत जाते.

मी मैदानावर गेले. कारणाचं वाक्य वगळलं आणि का वगळलं ते सांगितलं. सगळ्यांसमोर म्हटलं, 'मी एका माणसाला एकच प्रश्न विचारून शिक्षा दिली. ती चूक माझी होती आणि ती माझ्या नावावर लिहिली गेली आहे. ड्रायव्हरला पाटी दिसली होती आणि तो थांबला नाही, ही त्याची चूक.' मग त्याला पुढे बोलावलं. 'यापुढे थांबायचं. गाडीत कुणीही बसलेलं असो.' तो म्हणाला, 'हो मॅडम.' तोंडी समज, नोंद नाही. संपलं.

त्याचं नाव बढतीसाठी गेलं.

तुझी,
ढब्बू


१९ मार्च

ढब्बे,

म्हणजे त्याला दिसलं होतं! आणि मी जनरलसमोर छातीठोकपणे सांगून आले की त्याला काही माहीत नव्हतं. तीस वर्षांची कंट्रोलर मी, आणि डिकीपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरने मला गुंडाळलं.

रडले हो मी. वाचून झाल्यावर चांगली मनसोक्त रडले, मग नाक शिंकरून पोळी टाकली, तर ती करपली. कुणी माझ्या खुशीसाठी आपली भाकरी अशी पणाला लावेल असं मला वाटलं नव्हतं. आणि तेही माझ्या बडबडीसाठी! तुझे मावसोबा हयात असते तर म्हणाले असते, त्या माणसाला आधी कान तपासायला पाठवा.

त्याला माझा निरोप दे. म्हणावं, बाई रागावल्या आहेत. पुढच्या वेळी सरळ सांगायचं, 'बाई, उतरा.' मला चालेल. माझी कातडी जाड आहे.

शेजारच्या तिन्ही बायकांना मी खरं काय ते सांगून आले. एकीला तर ही गोष्ट पहिलीपेक्षा जास्त आवडली.

आणि त्या ओळीचं वाईट वाटून घेऊ नकोस. पुढची पायरी मिळायची असेल तर मिळेल, नाहीतर एक तारा तुला शोभतो.

बढतीचं कळव. श्वास रोखून बसले आहे, या वयात ते बरं नाही.

मावशी


२७ एप्रिल

मावशी,

श्वास सोड. तो हवालदार झाला.

त्याच्या बाहीवर तिसरी फीत चढली तेव्हा त्याची बायको आणि दोन्ही मुली आल्या होत्या. धाकटीने मला विचारलं, 'तुम्हीच का त्या, ज्यांनी बाबांना रागावलं?' मी म्हटलं, 'हो, दोनदा.' तिने माझ्याकडे असं पाहिलं की तुझीच आठवण झाली.

तुझा निरोप त्याला दिला. त्याने मान खाली घालून 'हो मॅडम' म्हटलं, पण हसला. मी त्याला हसताना प्रथमच पाहिलं.

आता तोट्याची बाजू. हवालदार माझी गाडी चालवत नाही. तो आता छावणीच्या सगळ्या गाड्यांवर देखरेख करतो, फाटकाबाहेर कुठली जाणार आणि कुठली नाही हे त्याच्या हाती. नवा ड्रायव्हर पोरसवदा आहे, गिअर बदलताना पोटातल्या पाण्याला चांगलंच कळतं. जुन्याची मला रोज सकाळी आठवण येते. पण हे व्हावं म्हणूनच तर सगळी खटपट केली, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

आणि काल काय झालं ते सांगते. जनरलसाहेब आमच्याकडे पाहणीला आले होते. छावणीच्या दुसऱ्या टोकाला सभागृहात सगळे जमायचे होते, सगळ्यांच्या आधी मी असायला हवी होती. मी गाडीत बसले, नवा ड्रायव्हर निघाला, आणि गाड्यांच्या आवाराच्या फाटकाशी हवालदार हात आडवा करून उभा.

कडक सलाम केला. म्हणाला, 'मॅडम, मागचा डावा दिवा बंद आहे. गाडी बाहेर जाणार नाही.'

नवा पोरगा पांढराफटक पडला. माझ्याकडे वळून बघायला लागला, आता मॅडम काय करतात म्हणून. मी म्हटलं, 'हवालदार, जनरलसाहेब वाट बघत असतील.'

'हो मॅडम,' तो म्हणाला. 'दुसरी गाडी मागवली आहे. थोडा वेळ लागेल.' आणि हात तसाच आडवा.

मी उतरले आणि चालत गेले. भर उन्हात, पूर्ण गणवेशात, छावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाटेत जो भेटेल तो सलाम ठोकत होता आणि मी परत करत होते, हात दुखून आला. ब्रिगेडियर पायी चाललेली इथे कुणी पाहिली नव्हती. एक स्वयंपाकी तर झारा हातात घेऊन सावधान उभा राहिला.

सभागृहात पोचले तेव्हा सगळे उभे होते आणि साहेब घड्याळाकडे बघत होते. 'ब्रिगेडियर, आज उशीर?'

'सर, माझ्या हवालदाराने माझी गाडी अडवली. दिवा बंद होता.'

'कोण हवालदार?'

'तोच, सर.'

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. 'आणि तुम्ही हुकूम दिला नाहीत, सोड म्हणून?'

'नाही सर,' मी म्हटलं. 'तो बरोबर होता.'

तुझी,
ढब्बू